दोन महिन्यांची चूक

पितळी वजनावर बोटाचा ठसा उमटला, की ते मिलिग्रॅमच्या विसाव्या हिश्शाने जड होतं. डोळ्यांना दिसत नाही, पण तराजूला कळतं. म्हणून त्या वजनमाप प्रयोगशाळेत वजनं चिमट्याने उचलत. ती वजन ठेवायची, तो आकडा वाचायचा आणि दाखल्यावर दोघांची सही व्हायची. आठ वर्षं ही जोडी होती. ती एक्कावन्नची, तो सदतीसचा. बाकीचे लोक त्याला 'ताईंचं शेपूट' म्हणत आणि पोट धरून हसत.

दोन वर्षांपूर्वी त्याने सरळ विचारलं होतं, "लग्न करशील माझ्याशी?"

"लेकीला नोकरी लागू दे," ती म्हणाली.

लेकीला नोकरी लागली. मग म्हणाली, "जरा रुळू दे तिला."

"ती रुळेपर्यंत माझे केस पांढरे होतील."

"बरंच आहे की. शोभशील मला."

तो हसला होता. पण त्यानंतर पुन्हा विचारलं नव्हतं.

त्या सकाळी साहेबांनी तिला बोलावून एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला. खाली नाव नव्हतं, नुसतं 'एक हितचिंतक'. 'आपल्याकडच्या बाई स्वतःपेक्षा चौदा वर्षं पाच महिन्यांनी लहान असलेल्या सहकाऱ्याच्या नादी लागल्या आहेत. त्याचा डोळा त्यांच्या घरावर आहे. दोघांना वेगळं काम द्यावं.'

तिने ते दोनदा वाचलं. दोन्ही वेळा ती 'पाच महिने' या शब्दांपाशी थांबली.

खरा फरक चौदा वर्षं सात महिन्यांचा होता. गेल्याच महिन्यात, एका रविवारी, तिने स्वयंपाकघरात लेकीला सगळं सांगून टाकलं होतं. इतकी वर्षं कुणालाच सांगितलं नव्हतं. लेकीने डोळे मोठे केले, "आई, छुपी रुस्तम निघालीस!" म्हणाली आणि बोटांवर वर्षं-महिने मोजत बसली. मोजताना चुकली. दोघी इतक्या हसत होत्या, की चूक सुधारावीशी तिला वाटलं नाही. ती चूक आता पत्रात जशीच्या तशी उतरली होती.

"पाच मिनिटांत येते," असं साहेबांना सांगून ती बाहेर गेली आणि जिन्यात उभं राहून तिने लेकीला फोन लावला.

"पत्र तू पाठवलंस?"



"तुझ्या भल्यासाठीच गं, आई. उद्या माझ्या सासरी काय सांगू? हे माझे नवे बाबा, माझ्याहून बारा वर्षांनी मोठे?"

"तुझ्या बाबांची दुसरी बायको त्यांच्याहून सोळा वर्षांनी लहान आहे. त्या लग्नात तू नाचलीस."

"त्यांचं वेगळं असतं."

"काय वेगळं?"

"लोक हसत नाहीत त्यांना."

"आणि त्या रविवारी तू हसत होतीस, ते?"

"तुझं कुठवर गेलंय, ते काढून घ्यायचं होतं मला."

तिने फोन ठेवला. केसाने गळा कापणं म्हणजे काय, ते आजवर तिने फक्त ऐकलं होतं. ती क्षणभर पायरीवर बसली. परक्याने केलं असतं, तर राग तरी आला असता. हे आपणच वाढवलेलं, आपल्याच ताटातलं खाल्लेलं पोर.

ती परतली तेव्हा साहेबांनी त्यालाही बोलावून घेतलं होतं. कागद त्याच्या हातात होता.

"हे बघा, निनावी पत्राला मी भीक घालत नाही," साहेब म्हणाले. "पण कुजबुज वाढलीय. नात्यातल्या दोघांच्या सह्या एका दाखल्यावर चालत नाहीत, एवढाच आपला नियम. तसं तुमच्यात काही नाही ना? मग पत्रातलं सगळं खोटं आहे, असं दोघं लिहून द्या. विषय संपेल."

"मी देतो लिहून," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "मॅडमना त्रास नको."

त्याने खिशातलं पेन काढलं. तिने त्याच्या मनगटावर हात ठेवला, साहेबांच्या देखत.

"आमची जोडी मोडा, साहेब," ती म्हणाली. "आम्ही लग्न करतोय."