त्रेचाळीस नंबरची खुर्ची

डोरीनची खुर्ची मीच सोडून दिली. हे आधी सांगून टाकतो, कारण आमच्या क्रॅगथॉर्प गावातले लोक अजून समजतात की गुडघे दुखायला लागले म्हणून ती मॅचला यायची थांबली. ती थाप मीच पसरवली होती.

एकतीस वर्षं आम्ही टाउनच्या मैदानावर, पूर्वेच्या स्टँडमध्ये शेजारी शेजारी बसलो. ओळ एम, बेचाळीस मी, त्रेचाळीस ती. टाउन म्हणजे आमचा फुटबॉल क्लब. बहुतेक वेळा तिसऱ्या डिव्हिजनमध्ये, वाईट वर्षी चौथ्या. मी ओरडायचो. ती कोटाच्या खिशात हात घालून बघत बसायची आणि मधेच म्हणायची, "डावा बॅक दमलाय, क्लिफ. काढायला हवा त्याला." दहा मिनिटांनी त्याच बाजूने आमच्यावर गोल बसायचा आणि मग मॅनेजरला जाग यायची. मागच्या ओळीतला विल्फ ऑग्डन म्हणायचा, "डोरीन, तू मॅनेजर हो. क्लिफला पाण्याच्या बाटल्या उचलायला ठेव."

वडिलांनी मला दोन गोष्टी दिल्या, टाउन आणि लेबर पक्ष. दोन्हींचा नियम एकच, हरले तरी बदलायचं नाही. हा नियम दोन्हीकडे चालतो का, हे मी कधी तपासलं नाही. दर निवडणुकीला आमच्या खिडकीत लाल पोस्टर असायचं आणि पत्रकं वाटायला मी असायचो.

डोरीन म्हाताऱ्या माणसांच्या केंद्रात दुपारचा स्वयंपाक करायची. दिवसभर लोक तिथे येऊन बसत, पत्ते खेळत, गरम जेवत. सात वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात आमच्या कौन्सिलने ते केंद्र बंद केलं. कौन्सिल लेबरची होती. जूनमध्ये संसदेची निवडणूक आली. आम्ही शाळेत जाऊन मत दिलं आणि चालत घरी निघालो.

"झालं एकदाचं," मी म्हणालो. "आता किती मतांनी येतो आपला, तेवढंच बघायचं."

ती चालता चालता थांबली.

"काय गं?"

"मी निळ्यांना दिलं."

निळा म्हणजे टोरींचा रंग. मला वाटलं चेष्टा करतेय. "टोरींना? तू?"

"हो, मी."

"अगं, तुमच्या त्या जेवणाच्या केंद्राचे पैसे लंडनमध्ये बसून टोरींनीच कापले ना!"

"कापले असतील. पण कुलूप कुणी लावलं? तुझ्याबरोबर पत्रकं वाटतात त्यांनीच. रोज तिथे जेवणारी एडना पिकल्स त्या बंद दारापुढे थाळी घेऊन उभी होती, तेव्हा तुमच्यातला एक तरी फिरकला का?"

"म्हणून पक्ष बदलायचा? उद्या टाउन हरली तर क्लब बदलशील?"

"क्लब हरला की आपण त्याच्याबरोबर हरतो. पक्ष म्हणजे क्लब नव्हे रे. पक्ष म्हणजे कामाला बोलावलेला माणूस. नळ गळतच राहिला तर मी दुसरा प्लंबर बोलावणार."

मी चाळीस वर्षं प्लंबरचं काम केलेला माणूस. ते जरा जास्तच लागलं.

सकाळी रेडिओवर निकाल ऐकला. दुसऱ्या महायुद्धानंतर पहिल्यांदाच आमची जागा गेली, तीही फक्त दोनशे बारा मतांनी. टेबलावर पुढच्या सीझनच्या तिकिटांचा फॉर्म पडला होता. एकाच फॉर्मवर दोन नावं, आणि त्याच दिवशी पाचच्या आत द्यायचा. दिला नाही तर खुर्ची दुसऱ्याला जाते, मग ती तुमच्या आजोबांची असो. मी पेन घेतलं, डोरीनच्या नावावर काट मारली आणि चालत जाऊन फॉर्म क्लबच्या तिकिटाच्या खिडकीत दिला.

"डोरीन नाही येणार?" खिडकीतल्या मुलीने विचारलं.

"गुडघे," मी म्हणालो.

घरी डोरीन बटाटे सोलत होती. मी म्हणालो, "रंग बदलणाऱ्यानं माझ्या शेजारी बसायचं नाही." तिने हातातला बटाटा सोलून पूर्ण केला, पाण्यात टाकला आणि म्हणाली, "बरं."

ती भांडली असती तर मी पाचच्या आत जाऊन फॉर्म परत आणला असता. असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो.

ऑगस्टमध्ये त्रेचाळीसवर एक नवी बाई आली. चाळिशी उलटलेली, रुंद खांद्यांची. बोलायला मी गेलो नाही, तीही आली नाही. फक्त हाफटाइमच्या जरा आधी, माझा घसा बसला की, ती पेपरमिंटचा पुडा पुढे करायची. जाड, कडक गोळ्या, डोळ्यांत पाणी आणणाऱ्या. मी एक घ्यायचो, मान हलवायचो. आमचं संभाषण एवढंच. साथीत मैदान बंद होतं ते महिने सोडले तर सात सीझन हेच चाललं.

डोरीन घरी स्वयंपाकघरात रेडिओवर मॅच ऐकायची. मी कोट काढत असायचो तोवर तिचा प्रश्न यायचा. "डावा बॅक शेवटपर्यंत का ठेवला रे?"

"घरात बसून कळतं होय तुला?" मी म्हणायचो.

असं कितीदा म्हणालो, ते आता आठवावं लागत नाही. आपोआप आठवतं.

बाकी आमचं बरं चाललं होतं. भांडणं नव्हती. चहा, बाग, मुलीचे फोन. पण शनिवारी दुपारी मी गळ्यात मफलर गुंडाळायचो, तेव्हा ती खोलीतून उठून जायची. गेल्या नोव्हेंबरात ती आजारी पडली आणि अठरा दिवसांत गेली. हॉस्पिटलमध्ये एका शनिवारी म्हणाली, "जा मॅचला. इथे बसून माझं तोंड काय बघतोस?" मी गेलो नाही. खुर्चीबद्दलही बोललो नाही. वाटलं, बरी झाली की बोलू.

एप्रिलमध्ये फॉर्म आला. आता त्यावर एकच नाव. मी तिकिटाच्या खिडकीशी गेलो आणि म्हणालो, मला त्रेचाळीसही पाहिजे. मुलीने कॉम्प्युटरवर बघितलं. "ती मिसेस सगडन यांची आहे. त्यांनी सोडली तर देता येईल. तुम्हीच विचारा ना, शेजारीच तर बसता."

घरच्या मैदानावरची शेवटची मॅच शनिवारी होती. मी अर्धा तास आधी जाऊन बसलो. ती आली, खाली बसली, थर्मास उघडला.

"मिसेस सगडन," मी म्हणालो.

"पिपा म्हणा. सात वर्षं झाली शेजारी बसून."

"पिपा, ही खुर्ची मला पाहिजे. माझ्या बायकोची होती. ती गेली नोव्हेंबरात."

"माहितीये मला. डोरीन." तिने थर्मास बंद केला. "काय करणार खुर्ची घेऊन?"

"रिकामी ठेवीन. तिचा मफलर ठेवीन वर."

"नाही देणार," ती म्हणाली. "रागावू नका. पण तुम्ही फार उशीर केलात."

"तुम्ही कशा ओळखता डोरीनला?"

"मी सतरा नंबरची बस चालवते. दर मंगळवारी साडेदहाला बाजाराला जायची ती माझ्या बसने. ही खुर्ची मला मिळाली, ते मी त्या उन्हाळ्यात बसमध्येच कुणालातरी सांगत होते. उतरताना तिने विचारलं, 'एम त्रेचाळीस का?' म्हटलं हो. तर म्हणाली, 'तुझ्या शेजारी माझा नवरा असेल. ओरडेल, दुर्लक्ष कर. ही खुर्ची तो एक दिवस परत मागायला येईल. ख्रिसमसच्या आत मागितली तर दे हं त्याला. माझ्यासाठी मागेल तो.'"

मैदानात खेळाडू धावत आले होते. मागून विल्फ कुणालातरी सांगत होता की या पोरांच्या जागी पळायलाही बाहेरून माणसं आणावी लागतील.

"मग मी थांबले," पिपा म्हणाली. "दर मंगळवारी ती विचारायची, 'मागितली का गं?' मी म्हणायचे, 'नाही अजून.' ती म्हणायची, 'मागेल. हट्टी आहे, पण वाईट नाही.' ख्रिसमस गेला. ईस्टरपर्यंत विचारत होती. मग विचारायची सोडून दिली. म्हणाली, 'राहू दे, तूच बस आता तिथे.'"

मी गळ्यातला मफलर सोडून पुन्हा गुंडाळला.

"गोळ्याही तीच द्यायची," पिपा म्हणाली. "महिन्याला एक पुडा. 'हाफटाइमच्या आधी दे, नाहीतर घरी येऊन बेडकासारखा बोलतो.'"

नोव्हेंबरनंतर गोळ्या बदलल्या होत्या. पातळ, गोड, तोंडात टाकताच विरघळणाऱ्या. मला वाटलं होतं, कंपनीने स्वस्त माल काढला असेल.

"त्या कडक गोळ्या ती कुठून आणायची मला माहीत नाही," पिपा म्हणाली. "मी पेट्रोल पंपावरच्या घेते."

मॅच सुरू झाली. मी ओरडलो नाही. विल्फने दोनदा पाठीवर थोपटलं. "काय रे, झोपलास? रेफ्रीला आईवरून शिव्या कोण देणार?" सत्तराव्या मिनिटाला आमचा डावा बॅक कंबरेवर हात ठेवून उभा राहिलेला मला दिसला. डोरीनला तो केव्हाच दिसला असता. तिथूनच गोल बसला. आम्ही एकने हरलो. उठताना पिपाने न मागता पुडा पुढे केला आणि मी एक गोळी घेतली.

गुरुवारी कौन्सिलची निवडणूक होती. शाळेत गेलो, कागद घेतला आणि पेन्सिल हातात धरून बराच वेळ उभा राहिलो. शेवटी हात सवयीने लेबरच्याच चौकटीकडे गेला. बाहेर आमचा लाल रिबिनवाला माणूस उभा होता. "क्लिफ, तुला काय विचारायचं! तू आपलाच," तो म्हणाला. एरवी मला अभिमान वाटला असता. मी पुढे गेलो.

मंगळवारी साडेदहाला मी सतरा नंबरच्या थांब्यावर उभा राहिलो. बाजारात माझं काही काम नव्हतं. दार उघडलं. पिपाने मला बघितलं, पण नवल वाटल्याचं दाखवलं नाही.

"ती कुठे बसायची?" मी विचारलं.

"डावीकडे, दुसरी. खिडकीशी."

तिथे एक बाई मांडीवर भाजीची पिशवी घेऊन बसली होती. मागे जागा रिकाम्या होत्या. "बसा की," पिपा आरशातून म्हणाली. "पुढे वळण आहे."

मी त्या बाईच्या शेजारचा दांडा धरला आणि बाजारापर्यंत उभाच राहिलो.