उभा प्रकाश

सरस्वती कोळीचं चुकलं एवढंच, की आलेख हातात आल्या आल्या तिने तो शेजारच्या टेबलावरच्या प्रभाकरला दाखवला. वर्तकनगरजवळच्या त्या संशोधन केंद्रात दोघं एकदमच लागलेली, एकमेकांच्या डब्यातलं खाल्लेली. काम सरस्वतीचं होतं. अर्धवाहकाचा नखाएवढा तुकडा, त्यात समोरासमोर दोन आरसे आणि त्यांच्यामध्ये कोंडलेला प्रकाश. तुकडा गारठवून त्यावर लेसर सोडला की जो प्रकाश बाहेर पडतो, त्याचं ध्रुवण, म्हणजे तो उभा कंप पावतो की आडवा, हे ती मोजत होती. तो कायम उभाच निघत होता.

"अजून कच्चं आहे गं," प्रभाकर म्हणाला. "एवढ्यात कुणाला दाखवू नकोस."

पावसाळा सरता सरता तेच काम परदेशी नियतकालिकात छापून आलं, एकट्या प्रभाकरच्या नावावर. सरस्वती संचालकांकडे गेली, तर त्यांनी पुरावा मागितला. चहा पिताना विश्वासाने दाखवलेल्या कागदाचा कसला आलाय पुरावा! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

चेंदणी कोळीवाड्यातल्या घरी आई, जनाबाई, मासळी साफ करता करता म्हणाली, "डोल लावली का मावऱ्याचे मागं धावाचा नाय, बाय. पानी फिरंल." जाळं लावलं की मासळीमागे पळायचं नसतं, पाणी उलटलं की ती आपसूक जाळ्यात येते, हे सरस्वतीने लहानपणापासून पाहिलेलं.

त्याच रागात सरस्वतीने सगळं मोजमाप नव्याने केलं आणि तिला स्वतःचीच चूक सापडली. तुकडा काटकोनात फिरवला तर प्रकाशही आडवा व्हायला हवा होता. तो उभाच राहिला. मोजणाऱ्या यंत्रातली, प्रकाशाचे रंग वेगळे करणारी जाळीच आडवा प्रकाश गिळत होती. नवशिक्याने करावी अशी चूक! दुसरी कुणी असती तर तिने प्रभाकरला सावध केलं असतं. सरस्वतीने तोंडातून ब्र काढला नाही. चढ म्हणावं, अजून वर चढ.

तो चढलाच. सत्त्याण्णव साली विभागप्रमुख निवडायची वेळ आली तेव्हा त्याचंच नाव पुढे होतं. निवड करायला आलेले वयोवृद्ध प्राध्यापक बाबुराव संचालकांबरोबर प्रयोगशाळेत आले आणि प्रभाकर ऐटीत त्यांना तो उभा प्रकाश दाखवू लागला.

"सर, तुकडा फिरवून बघूया ना," सरस्वती मागून म्हणाली.

"त्याची काय गरज आहे?" प्रभाकर म्हणाला.

"फिरवा की," बाबुराव म्हणाले. "बघू तरी."

प्रभाकरने तुकडा फिरवला. प्रकाश उभाच. त्याने पुन्हा फिरवला, तरी उभाच.

"अहो, ही दिशा तुकड्याची नाही, तुमच्या यंत्राची आहे," बाबुराव शांतपणे म्हणाले. "एवढं तपासल्याशिवाय छापलंत?"

प्रभाकरचा चेहरा पांढराफटक पडला. जिवावर बेतलं की माणसाला आधी स्वतःची कातडी आठवते. "सर, मोजमाप मी नव्हतं केलेलं! हिने केलेलं, सरस्वतीने. मी फक्त लिहिलं."

बाबुरावांनी चष्मा काढला. "मग निबंधावर यांचं नाव का नाही?"

प्रभाकर उगाचच यंत्राची बटणं चाचपू लागला. संचालक जमिनीकडे बघत होते. मागची दोन वर्षं सरस्वती याच क्षणासाठी जगली होती.

"मोजमाप माझंच आहे, सर," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "चूकही माझीच."

चूक कबूल करताना इतका आनंद आजवर कुणाला झाला नसेल.