पाटावरचा पोपट

बागवाल्या भाऊजींच्या लिंबांची पानं वळायला लागली तेव्हा मी माझ्या वांग्यांत खुरपत होते. माझ्या वांग्यांनी तर आठवडाभर आधीच माना टाकल्या होत्या, पण माझं लक्ष तिकडे नव्हतंच. मी बांधापलीकडे बघत होते. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं.

"वहिनी," भाऊजी बांधावर येऊन उभे राहिले. चपला हातात, कपाळाला आठ्या. "जरा बोलायचं होतं."

"बोला की. बांध तुमचा, तोंड तुमचं."

"पाटावर माणूस ठेवायला पाहिजे. पंचायतीचा. आधी होता तसा. आता तुम्ही सरपंच आहात, तुम्ही मनावर घेतलंत तर होईल."

हे वाक्य ऐकायला मी तीन वर्षं थांबले होते. आणि ऐकलं ते असं, उन्हात, हातात खुरपं असताना. मला वाटलं होतं की ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी येईल. आलं नाही. उलट दातांवर दात बसले.

"रविवारी सभा आहे," मी म्हटलं. "तिथं मांडा."

आधी होता तो माणूस म्हणजे माझा नवरा. बावीस वर्षं तो पाटकरी होता. वरच्या तळ्यातून पाट निघतो, तो भाऊजींच्या बागेपासून गावाला वळसा घालत एकेका रानाजवळून खाली येतो आणि सगळ्यात शेवटी, बागेच्या मागच्या अंगाला, आमच्या रानात संपतो. ज्याची पाळी त्याच्या रानात पाणी वळवायचं दारं उघडायचं, पाळी संपली की बंद करायचं, एवढंच काम. पण ते करायची एक रीत होती. पाळी बदलताना दोघं शेतकरी समोर पाहिजेत. हे मध्ये काठी घेऊन उभे राहायचे. एकाला विचारायचे, "दिलं?" तो म्हणायचा, "दिलं." मग पाणी खालच्या रानात पोहोचलं की दुसऱ्याला विचारायचे, "घेतलं?" तो म्हणायचा, "घेतलं." त्याचं "घेतलं" आलं की तिथून त्याची वेळ सुरू. तोवर पाटकऱ्यानं दारं सोडायचं नाही. बावीस वर्षांत पाण्यावरून कुणाचं डोकं फुटलं नाही, ते या दोन शब्दांमुळे, असं सगळं गाव म्हणायचं.

मग बागवाले भाऊजी शहरात लेकाकडे चार महिने राहून आले, आणि येताना शब्द घेऊन आले. पारावर बसले तरी तेच, न्हाव्याकडे बसले तरी तेच. सरकार लहान पाहिजे. सरकार मुठीत मावेल एवढंच पाहिजे. माणसानं आधी आपण कोण आहोत ते ठरवायला पाहिजे, अधलंमधलं चालणार नाही.

सभा शाळेच्या खोलीत भरते. त्या दिवशी भाऊजींनी मास्तरांना फळ्यावर मधोमध रेघ मारायला लावली. मास्तर म्हणजे पंचायतीचे लिहिणारे, शाळेतून निवृत्त झालेले. रेघेच्या एका अंगाला भाऊजींनी लिहायला सांगितलं 'स्वावलंबी', दुसऱ्या अंगाला 'सरकारवाले'.

"आता एकेकानं सांगा, तुम्ही कोण?"

आता असं विचारल्यावर कोण म्हणेल की मी दुसऱ्याच्या जिवावर जगतो? धडाधड सगळे स्वावलंबी झाले. ज्याच्या दारापुढचा रस्ता पंचायतीनं केला तो स्वावलंबी. ज्याची म्हातारी पंचायतीच्या दवाखान्यात महिनाभर पडून होती तो तर दोनदा ओरडला. फळ्याचं एक अंग भरून वाहायला लागलं आणि दुसरं कोरं राहिलं.

"आणि तू रे?" भाऊजींनी ह्यांना विचारलं.

हे दाराशी उभे होते. पायाला चिखल होता म्हणून आत आले नव्हते. म्हणाले, "मी पाटावर असतो."

"पगार कुणाचा घेतोस?"

"पंचायतीचा."

"जो पंचायतीचा पगार घेतो तो सरकार. सोपं आहे. मास्तर, लिहा."

दुसऱ्या अंगाला एकट्या माझ्या नवऱ्याचं नाव लागलं. आमच्या गावचं सरकार म्हणजे तरी काय होतं? मास्तर, गटारं साफ करणारी बाई आणि माझा नवरा. मास्तरांना काढलं तर लिहायचं कुणी, बाईला काढलं तर वास येणार. कापायला सापडला तो माझा नवरा.

"अहो, पण पाळीला मध्ये कुणी नको का?" मास्तर हळूच म्हणाले.

"मध्ये उभं राहून दिलं, घेतलं म्हणायला माणूस कशाला लागतो?" भाऊजी हसले. "पोपट पाळा. तोसुद्धा म्हणेल."

खोली हसली. माझे सख्खे शेजारी हसले. भाऊजींनी लगेच ठराव सांगितला आणि मास्तरांनी उतरवून घेतला. पाटावर पंचायतीचा माणूस असणार नाही, पाण्याच्या भांडणात पंचायत पडणार नाही, ज्याचं त्यानं बघावं. पहिली सही भाऊजींची. हात वर झाले, तेही सगळे.

हे घरी आले, काठी कोपऱ्यात उभी केली आणि हात धुतले. दुसऱ्या दिवसापासून गावात ह्यांचं नाव पोपट पडलं. बावीस वर्षांचा पाटकरी एका दिवसात पोपट झाला. दुकानात गेले तरी कुणीतरी मागून म्हणायचं, "दिलं? घेतलं?" ह्यांनी दुकानात जाणंच सोडलं. मग हसणंही सोडलं. मी सगळं गिळलं, पण पोटात ठेवलं.

पहिली दोन वर्षं भाऊजींची चैन होती. तेव्हा त्यांची बाग वरून पहिलीच, दारं त्यांच्या हाताशी. हवं तेव्हा उघडायचे, हवं तेवढं घ्यायचे. आमच्या शेवटच्या रानात पाणी यायचं ते कुणाला नको असेल तेव्हा. मग तळ्याला लागून पडीक पडलेली जमीन गावच्या पिठाच्या गिरणीवाल्यानं घेतली आणि थेट पाटाच्या तोंडाशी मोठी मोटर बसवली. स्वावलंबनात तो भाऊजींच्याही वरचढ निघाला. भाऊजी भांडायला गेले तर त्यानं ठरावच तोंडपाठ म्हणून दाखवला.

आणि त्याच वर्षी मी निवडणुकीला उभी राहिले. लोकांनी विचारलं, तू कुठल्या अंगाची? मी म्हटलं, मी पाटाच्या शेवटाची. तोवर शेवटाला असलेली घरं बरीच झाली होती. निवडून आले.

रविवारी खोली भरली. भाऊजी उठले आणि पाटावर माणूस ठेवा म्हणाले.

"मास्तर," मी म्हटलं, "तो जुना ठराव वाचा. सावकाश वाचा. आणि सही कुणाची तेही वाचा."

मास्तरांनी वाचला. भाऊजी खाली बघत होते.

"भाऊजी, तुम्ही कोण?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"तुम्हीच शिकवलंत. माणसानं आधी आपण कोण ते सांगावं. अधलंमधलं चालणार नाही."

"तसा मी स्वावलंबीच. फक्त पाण्यापुरतं म्हणतोय मी."

"आणि मी दवाखान्यापुरतं," मागून कुणीतरी म्हणालं.

"मी रस्त्यापुरतं!"

"मला काहीच नको," गिरणीवाला म्हणाला. "मोटर माझी, वीज माझी. पंचायतीनं आपलं घरी बसावं." वर बसलेल्याला काहीच नको असतं, हे मला त्या दिवशी नीट कळलं.

"सरकार मुठीत मावेल एवढं हवं होतं ना भाऊजी? एक माणूस आणि एक काठी, याहून लहान सरकार मला तरी माहीत नाही. ते तुम्हाला जास्त झालं होतं."

"वहिनी, झालं गेलं विसरा. बाग जातेय. पंधरा वर्षांची झाडं आहेत."

"पाण्याच्या भांडणात पंचायत पडत नाही. ठराव आहे."

"अहो, तुमचंही रान सुकतंय की! खाली तुम्हीच आहात!"

"सुकू दे," मी म्हटलं आणि सभा संपवली.

बोलताना काय गोड वाटलं म्हणून सांगू! पण पुढचे दहा दिवस जड गेले. मी रोज सकाळी बांधावर जाऊन लिंबांची गळालेली पानं बघायची आणि परत येताना माझी वांगी उपटून बाजूला टाकायची. खालच्या चार घरांनी माझ्याशी बोलणं कमी केलं. त्यांची काय चूक होती?

अकराव्या दिवशी हे म्हणाले, "किती दिवस चालायचं हे?"

"तुम्हाला पोपट म्हणाला तो."

"झाडं नव्हती म्हणाली."

"मग तुम्ही जा पाटावर. मी ठराव रद्द करते, गिरणीवाल्यालाही बघते. तुमची काठी आहे तिथंच आहे."

त्यांनी कोपऱ्यातल्या काठीकडे पाहिलं. मग म्हणाले, "नाही जाणार. पोपट म्हणून घालवलं मला. आता काठी घेऊन उभा राहिलो की पुन्हा तेच ऐकायचं. माझ्यात नाही तेवढं बळ."

मला तोवर वाटत होतं की सूड फक्त माझ्या पोटात आहे. ह्यांच्या पोटात काय होतं ते मी विचारलंच नव्हतं. रडू आलं. चुलीपुढे बसून रडून घेतलं आणि डोळे पुसता पुसता मला पुढचं सुचलं.

पुढच्या सभेच्या आधी मी गावातल्या बायकांना भेटले. त्या सभेत आल्या आणि गिरणीवाल्याला एवढंच म्हणाल्या, की तुम्ही स्वावलंबी आहात तर दळणही तुमचं तुम्हीच आणा, आम्ही पलीकडच्या गावात जाऊ. गिरणीवाल्याचा चेहरा पिठासारखा झाला. मोटर काढायला आणि पाळी मानायला तो एका दमात तयार झाला. ठराव रद्द झाला. हात सगळे वर, तेच हात.

"आता पाटकरी," मी म्हटलं.

"त्यात काय, तुमचे मालकच!" भाऊजी घाईघाईनं म्हणाले. "बावीस वर्षांचा अनुभव आहे."

"ते येणार नाहीत. मी तुमचं नाव सुचवते."

सगळ्या माना भाऊजींकडे वळल्या.

"मी? वहिनी, मी बागायतदार माणूस..."

"पोपटसुद्धा करेल असं काम आहे, तुम्हीच सांगितलंत. तुम्ही तर शिकलेले. एक वर्षभर करा. पाटकरी मिळाला नाही तर पाळी नाही, पाळी नाही तर पाणी नाही. बघा बुवा, ज्याचं त्यानं बघावं."

भाऊजींनी खिडकीबाहेर पाहिलं. तिथून त्यांची बाग दिसते. मग मान हलवली.

"पगार पंचायतीचा घ्याल ना? घ्यावाच लागेल, नियम आहे." मी मास्तरांकडे वळले. "मास्तर, फळ्यावर मधोमध रेघ मारा. जो पंचायतीचा पगार घेतो त्याचं नाव कुठल्या अंगाला लिहायचं ते तुम्हाला आठवत असेल."

मास्तरांनी लिहिलं. अक्षर एरवीपेक्षा जरा मोठंच काढलं.

चौथ्या दिवशी आमची पाळी आली. वरून पाणी सुटलं, गिरणीवाल्यानं "दिलं" म्हटलं, बागेला मिळालं, मधल्या घरांना मिळालं. ऊन डोक्यावर आलं तेव्हा भाऊजी ह्यांची काठी घेऊन आमच्या दाऱ्यावर उभे राहिले. काठी मीच दिली होती, ह्यांना विचारून. हे बाभळीखाली बसले होते. मी आत, रोपांच्या आड, उरलेल्या वांग्यांत.

"घेतलं?" भाऊजींनी हाक दिली.

मी खुरपत राहिले.

आता एक गोष्ट भाऊजींना ठाऊक नव्हती. हे कधी नुसत्या शब्दावर थांबायचे नाहीत. विचारायचे, आणि उत्तर यायला उशीर झाला की चपला काढून स्वतः रानात उतरायचे. पहिल्या वाफ्यात पायाचा अंगठा रोवून बघायचे, माती ओली की कोरडी. मग कुणाची टाप होती लबाडी करायची? ते उतरणं हेच खरं काम होतं. भाऊजींनी स्वतः बावीस वर्षं हाकेसरशी उत्तर दिलं होतं, म्हणून त्यांनी फक्त शब्दच ऐकले होते.

"घेतलं का?" पुन्हा आवाज आला.

वरच्या रानातली माणसं बांधावर येऊन बघायला लागली. कुणीतरी फिसकन हसलं.

"घेतलं? वहिनी, घेतलं?" भाऊजींच्या मानेवरून घाम ओघळत होता. आत यायचं धाडस नव्हतं आणि दारं सोडून जायची सोय नव्हती. "अहो, घेतलं का? घेतलं?"

बाभळीखालून आवाज आला. मी दचकून पाहिलं. हे हसत होते. तोंडावर पंचा धरून, खांदे हलवत, तीन वर्षांचं साठलेलं हसत होते. हसता हसता उठून माझ्याजवळ आले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "अगं, म्हण की आता. बिचारा भाजून निघाला."

"म्हणते," मी म्हटलं. "आधी वाफा तर भरू दे."

ह्यांनी खाली पाहिलं. पहिला वाफा केव्हाच भरला होता. दुसराही भरला होता, तिसऱ्यात पाणी माझ्या घोट्यापर्यंत आलं होतं, आणि माझी वेळ अजून सुरूच झाली नव्हती. पाटकरी होते तेव्हा ह्यांनी मला, सख्ख्या बायकोलासुद्धा, हे करू दिलं नसतं.

ते वळले, परत जाऊन बाभळीखाली बसले.

"घेतलं?" भाऊजींनी विचारलं.

मी चौथा वाफा फोडला.