दोनशे बारा निबंध आणि एक मोगरी

पहिली मोगरी पाठीत बसली तेव्हा सभागृहातली चारशे माणसं एका सुरात म्हणाली, "एक." दुसरी बसली तेव्हा, "दोन." तिसरीला बाकावर पालथा पडलेला माणूस कळवळून ओरडला आणि टाळ्या पडल्या. गुरुजींनी आधीच सांगून ठेवलं होतं की, ओरडतो तो रोगी नसतो, त्याच्या आतला कंप असतो. एवढी सोय करून ठेवल्यावर मारणाऱ्याला हात आवरायचं कारणच उरत नाही.

बाकावरचा माणूस बसचालक होता. वीस वर्षं बस चालवून झाल्यावर, वर्षभरापूर्वी, डेपोतच त्याला फिट आली आणि तो चाकाशेजारी कोसळला. तेव्हापासून त्याच्याकडून बस काढून घेतली होती आणि तो एका खिडकीमागे नोंदी करत बसायचा. त्याला बस परत हवी होती, बाकी काही नको होतं. त्याची थोरली मुलगी पहिल्या रांगेत ओठ चावत मोगऱ्या मोजत होती. ती विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचं शेवटचं वर्ष करत होती आणि अप्पांना इथं आणलं होतं तिनंच.

तशी ती भोळी नव्हती. पण मोगरीबाबा, हे नाव गुरुजींना न मानणाऱ्यांनी पाडलेलं, मंत्र म्हणायचा नाही की ताईत द्यायचा नाही. अंगात पांढरा कोट, हातात हातभर लांब लाकडी मोगरी आणि तोंडात विज्ञान.

"माझ्यावर विश्वास ठेवू नका," तो हात जोडून म्हणे. "अंधश्रद्धेचा मला तिटकारा आहे. काढा मोबाईल. टाका शब्द, कंपताडन. काय दिसतं?"

"दोनशे बारा शोधनिबंध," सभागृह गरजे.

"विरोधात किती?"

"एकही नाही."

थोरलीनं घरी बसून हाच शब्द टाकला होता. अख्खी संध्याकाळ निबंध उघडून पाहिले होते. वर गोषवारा, मध्ये तक्ते आणि टक्केवारी, शेवटी संदर्भांची लांबलचक यादी. "आई, मी स्वतः तपासलंय," असं ती म्हणाली आणि विद्यापीठात शिकणारी पोरगी असं म्हणाल्यावर घरात पुढं बोलायची कुणाची टाप नव्हती. फिटच्या गोळ्या बंद झाल्या, कारण गोळ्यांनी म्हणे कंप आत दबतो.

एकविसाव्या मोगरीला अप्पांची बरगडी मोडली. तो आवाज पहिल्या रांगेत नीट ऐकू आला. दोन दांडग्या स्वयंसेवकांनी त्यांना बखोट धरून उभं केलं. हनुवटीवरून रक्त मिसळलेली लाळ गळत होती.

"कसं वाटतंय?" गुरुजींनी विचारलं.

"हलकं," अप्पा म्हणाले. मार थांबला की कुणालाही हलकंच वाटतं.

"पाठीचा टप्पा पूर्ण. दहा दिवसांनी मस्तकाचा."

दुसऱ्या दिवशी थोरली ग्रंथालयात गेली ती मनात शंका आली म्हणून नव्हे. मामा घरी येऊन आरडाओरडा करून गेला होता आणि त्याच्या तोंडावर फेकायला तिला निबंध छापून हवे होते. ग्रंथपाल बाईंना एका कानानं कमी ऐकू यायचं. त्यामुळं "शांतता राखा" या पाटीखाली बसून खणखणीत आवाजात बोलणारी ती एकच व्यक्ती होती.

"काय शब्द टाकलास?"

"कंपताडन."

"कुणाचा हा शब्द?"

"गुरुजींचा."

"आणखी कोण वापरतं?"

थोरलीनं पडद्यावरची यादी वरखाली केली.

"अगं, मी उद्या आमच्या मांजराच्या शिंकेला चिंकोदक म्हटलं आणि त्यावर चार पानं लिहिली, तर चिंकोदक शोधणाऱ्याला माझीच चार पानं सापडणार. विरोधात एकही नाही. कसं असेल? बाकी जगाला तो शब्दच ठाऊक नाही." बाईंनी खुर्ची पुढं ओढली. "दुखण्याला डॉक्टर काय म्हणतात ते टाक. मारण्याला बाकीचे लोक काय म्हणतात ते टाक."

थोरलीनं वैद्यकीय निबंधांच्या सूचीत टाकलं, अपस्मार. त्याला जोडून, डोक्याला इजा. हजारो निबंध आले. तिनं पाच उघडले. डोक्याला जबर मार बसला की फिट यायला लागू शकतात, असं एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांनी निरनिराळ्या देशांत लिहून ठेवलं होतं. गोळ्या अचानक बंद केल्या तर जिवावर बेतू शकतं, हेही तिथंच होतं. हे सगळं गेल्या महिन्यातही तिथंच होतं, तिनं विचारलं नव्हतं एवढंच.

मग बाईंनी त्या दोनशे बारा निबंधांची शेपटं धरली. कुठल्याही निबंधाच्या संदर्भयादीतून मागं मागं गेलं की, सगळ्या वाटा एकाच निबंधापाशी येऊन थांबत. लेखक गुरुजी, रोगी नऊ. किती दिवस पाहिले, त्याचा पत्ता नाही.

"फिट काही सगळ्यांना रोज येत नाही," बाई म्हणाल्या. "मारल्यावर आठवडाभर आली नाही तर गुण आला. आली, तर मार कमी पडला."

नियतकालिकही एकच होतं. संपादक म्हणून छापलेला फोटो थोरलीनं ओळखला. तो गुरुजींचा मेव्हणा, स्टेजवर माईक धरून उभा असायचा.

ती धावत घरी गेली. अप्पा उशीला टेकून छोटे छोटे श्वास घेत बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"दोनशे बारा तूच दाखवलेस ना? आता एका बाईनं काही सांगितलं की लगेच फिरलीस. मला बस चालवायचीय."

"अप्पा, मी तुम्हाला जाऊ देणार नाही. कुलूप लावीन."

मोडक्या बरगडीचा माणूस, पण त्यानं उठून तिच्या थोबाडीत मारली. आजवर त्यांनी तिच्यावर कधी हात उचलला नव्हता.

मग थोरली टेबलाशी बसली आणि तिनं दीड पानाचा एक निबंध लिहून त्या नियतकालिकाला पाठवला. तिसऱ्या दिवशी तो छापून आला. तिनं घाईत केलेली शुद्धलेखनाची चूकही जशीच्या तशी होती.

मस्तकाच्या टप्प्याला सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. अप्पांचं डोकं लाकडी ठोकळ्यावर ठेवलं होतं आणि स्वयंसेवकांनी खांदे दाबून धरले होते. गुरुजींचं पालुपद झालं, दोनशे बाराचा गजर झाला, मोगरी वर गेली.

"गुरुजी, दोनशे तेरा," थोरली उभी राहिली. "नवा निबंध आलाय, तुमच्याच नियतकालिकात. सगळ्यांनी शोधा. शब्द आहे गुरुताडन."

चारशे अंगठे चालू लागले. मागून कुणीतरी मोठ्यानं वाचलं, "रोग्याच्या मस्तकावर ताडन करण्यापूर्वी तीच मोगरी तितक्याच जोरानं गुरूच्या मस्तकावर मारल्यास शंभर टक्के गुण येतो. रोगी नऊ."

"विरोधात किती?" थोरलीनं विचारलं.

"एकही नाही," सभागृह सवयीनं गरजलं.

लोक हसतील आणि गुरुजी उघडे पडतील, असा तिचा हिशेब होता. पण कुणी हसलं नाही. अप्पा ठोकळ्यावरून उठले, बरगडी धरून गुरुजींपाशी गेले आणि त्यांच्या हातातली मोगरी काढून घेतली.

"बसा गुरुजी. शंभर टक्के म्हणतायत."

दोघे स्वयंसेवक आज्ञाधारक होते. छापलेलं वाचून त्यांनी गुरुजींना उचललं आणि ठोकळ्यावर त्यांचं डोकं दाबलं. मेव्हणा मध्ये पडला तर त्याला एकानं कोपरानं असा हाणला की, त्याचा दात माईकवर आपटला आणि तो टण्णकन आवाज सगळ्यांनी ऐकला. अप्पांनी दोन्ही हातांनी मोगरी उचलली.

"अप्पा, थांबा," थोरली किंचाळली.

"अरे मूर्खा," गुरुजी ठोकळ्यावरून ओरडले, "डोक्यात मोगरी घातलीस तर मरेन ना मी."

अप्पांचे हात वरच राहिले. "मग मी?" त्यांनी विचारलं.

मोगरी खाली आली ती गुरुजींच्या कानाशेजारी, आणि ठोकळा उभा चिरला.

त्यासरशी सभागृह उसळलं. ज्यांनी पाठीत मोगऱ्या खाल्ल्या होत्या ते सगळे पुढं धावले, खुर्च्या उडाल्या, पांढऱ्या कोटाच्या चिंध्या झाल्या. गुरुजींच्या कपाळातून रक्त आलं आणि अजून कुणाचं समाधान होत नव्हतं. थोरलीनं रक्तानं चिकट झालेला माईक उचलला.

"तो निबंध खोटा आहे, मी लिहिलाय," ती म्हणाली. "नऊपैकी एकही रोगी मी पाहिलेला नाही. तो तुम्ही दोन मिनिटांत खरा मानलात आणि माणूस मारायला निघालात. मीही दोनशे बारा निबंध एका संध्याकाळी खरे मानले आणि माझ्या बापाची बरगडी मोडून घेतली. माझा शब्द त्याच्या शब्दापेक्षा शहाणा नव्हता. सोडा त्याला, पोलिसांना बोलवा. आणि यापुढं कुणी म्हणालं की हा शब्द शोधा, तर आधी विचारा की शब्द कुणाचा. मग त्याच गोष्टीला इतर लोक काय म्हणतात ते शोधा, आणि कोण कोणाच्या जोरावर बोलतंय ते बघा. एवढं करायला विद्यापीठात जावं लागत नाही. मी तर जाऊनही केलं नव्हतं."

हात हळूहळू खाली आले. काहींचे आले नाहीत, त्यांना पोलिसांनी आवरलं.

इस्पितळात अप्पांची छाती पट्ट्यांनी आवळली आणि गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. बस मिळेलच असं नाही, हे डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. गोळीचं नाव लिहून त्या पुढच्या खाटेकडे वळल्या. अप्पांनी तो कागद थोरलीच्या हातात दिला.

"हे शोध."

थोरलीनं मोबाईल काढला. "गुण किती येतो ते बघू?"

"ते त्या सांगतीलच," अप्पा म्हणाले. "तू गोळीनं त्रास काय होतो ते बघ. आणि कुणी लिहिलंय तेही वाच."