मणक्यातली गॅप

रस्त्यावरच्या मोरीच्या कठड्यावर टेकून शिवदासने दोन्ही हातांनी आपला उजवा पाय उचलला आणि डाव्याशेजारी आणून ठेवला. चार पावलं पुढे गेलेली त्याची बायको सुचिता थांबली, पण वळली नाही. तिची पाठच बरंच काही बोलत होती.

दहा मिनिटं बसलं की पायांत पुन्हा जीव यायचा. घात झाला तो इथेच. चालताना येणारं आणि बसल्यावर जाणारं दुखणं, याला साऱ्या चौल गावात एकच नाव होतं, आळस.

"बसलं की बरं, उठलं की दुखणं," सुचिता रस्त्याकडे बघत म्हणाली. "असला आजार मला पण दे म्हणावं देवाला. चला, उठा."

तो उठला. न्हावा शेव्याच्या बंदरात बावीस वर्षं क्रेन चालवलेला माणूस. शिडीवर पाय लटपटायला लागले म्हणून दोन वर्षांपूर्वी घरी बसला, आणि बसला म्हणूनच पाय गेले असं ठरलं. सुचिता दुष्ट नव्हती. तिचे वडील एकदा आडवे झाले, ते पुढे चौघांनीच उचलले. तेव्हापासून माणसाला आडवं होऊ द्यायचं नाही, एवढं एकच औषध तिला ठाऊक होतं, आणि ते ती रोज सकाळी रेवदंड्याच्या नाक्यापर्यंत आणि परत असं पाजत होती.

आळस न म्हणणाऱ्या सभ्य लोकांनी मणक्यात गॅप असल्याचं निदान केलं. गावात चाळिशी उलटलेल्या प्रत्येकाच्या मणक्यात गॅप होतीच. शिवदासला उशिरा आली एवढंच. शेजारच्या भागोजीने स्वतःचा कमरेचा पट्टा दिला. गोदूबाईने तेल दिलं. कुठल्याशा शिबिरातल्या डॉक्टरने कमरेत सुई मारली, तर दोन दिवस पाय हललेच नाहीत. औषध भिनतंय, असं सांगण्यात आलं. तिसऱ्या दिवशी थोडे हलले, तेव्हा औषध लागू पडलं म्हणून सगळ्यांना समाधान वाटलं.

शिवदासला बरं व्हायचं होतं. पण त्याआधी त्याला खरं ठरायचं होतं. मोठ्या नावाचा एखादा आजार निघावा, डॉक्टरने तो सुचितासमोर मोठ्याने वाचून दाखवावा, आणि मग आपण फक्त तिच्याकडे बघावं. काय बोलायचं तेही त्याने कठड्यावर बसून बसून पाठ केलं होतं.

लघवी अडली तेव्हा मात्र त्याला मुंबईच्या मोठ्या इस्पितळात न्यावं लागलं.

तिथे डॉक्टर दीक्षा नावाची तरुण मुलगी होती. एमआरआय बघून तिने सांगितलं, मणक्यात विशेष काही नाही. शिवदासला गावाच्या वतीने वाईट वाटलं. मग तिने मज्जारज्जूच्या मागे गांडुळांसारख्या वळवळत गेलेल्या काळ्या रेघा दाखवल्या. त्या फुगलेल्या शिरा होत्या. जांघेतून नळी घालून तिच्या वरिष्ठांनी मूळ शोधलं. मज्जारज्जूच्या आवरणातली एक धमनी थेट शिरेला जुळली होती. रक्त उलटं तुंबत होतं आणि आत सूज धरत होती.

"म्हंजे खारबांधाला खांड पडली," शिवदास म्हणाला. "भरतीचं पाणी शेतात."

तिला ते पटलं. दुसऱ्या दिवशी त्याच वाटेने नळी घालून गोंदासारखं औषध सोडलं आणि खांड बुजवली. पाणी थांबलं. कुजलेलं भात किती उठेल, ते मात्र आत्ता सांगता येणार नाही, असं ती म्हणाली. आधी आला असतात तर, असंही म्हणणार होती, पण थांबली.

तिसऱ्या दिवशी ती कागद घेऊन आली. सुचिता खाटेच्या पायथ्याशी चादर नीट करत होती.

"एक राहिलं लिहायचं, काका. या आजारात चाललं की त्रास वाढतो. बसलं की उतरतो. तुम्हाला तसं व्हायचं?"

सुचिताचा हात चादरीवरच राहिला.

दोन वर्षं तो याच प्रश्नाची वाट बघत होता. साक्षीला डॉक्टर होती, हातात कागद होता, आणि शब्द तर तोंडपाठ होते. त्याने सुचिताकडे बघितलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती.

"न्हाय," तो म्हणाला. "चाललो की उलट बरं वाटायचं."

डॉक्टर गोंधळली. असं सहसा होत नाही, म्हणाली, आणि लिहायला लागली.

"खोटं सांगतायत," सुचिता म्हणाली. आवाज सरळ होता. "वाढायचं. मोरीवर बसायचे. मीच उठवायची रोज."

पेन थांबलं. "नक्की काय लिहू?"

"हिला काय इचारताय?" शिवदास म्हणाला. "पाय माझे हायत."

डॉक्टरने दोघांकडे आळीपाळीने बघितलं, आणि ती जागा मोकळी सोडून पुढच्या खाटेकडे गेली.

 सुचिताने चादर बाजूला सारली, त्याचा एक पाय हलकेच उचलून उशीवर ठेवला. कुठला उचलला, ते शिवदासला डोळ्यांनी बघितल्यावरच कळलं.