घरच्या माणसाकडे किल्ली

नवरा आज पुन्हा कामावर रुजू झाला आणि सकाळपासून माझं कशात लक्ष नाही. कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये मी चहा करते. आज दोनदा उतू घालवला. बाहेर कारखान्याच्या रुळांवर मालगाडीच्या वॅगनला वॅगन धडकली की हातातलं टाकून खिडकीशी धावते.

वॅगनी जोडायचं काम नवऱ्याचं, इंजिन चालवायचं माझ्या धाकट्या भावाचं. जोडणारा दोन वॅगनींच्या मध्ये शिरण्याआधी चालकाकडून इंजिनाची किल्ली मागून घेतो आणि बाहेर आल्यावरच परत देतो. सगळे तसंच करतात. आमचे हे दोन शहाणे मात्र नाही. घरच्या माणसाकडे किल्ली मागायची म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवायचा, म्हणे! उन्हाळ्यात भावाला वाटलं, भावजी बाहेर आले. त्याने इंजिन जरासंच हलवलं. नवऱ्याच्या डाव्या हाताची तीन बोटं गेली.

तेव्हापासून भाऊ आमच्याकडे जेवायला येत नाही. नवरा उलट त्याची बाजू घेऊन माझ्याशी भांडतो. किल्ली मागशील ना, असं काल मी दहादा विचारलं, तर म्हणाला, तो आधीच खचलाय, त्याच्या जखमेवर मीठ कशाला चोळू? बोटं ह्याची गेली आणि जखम त्याची! राग आला मला, आणि त्याहून जास्त भीती वाटली.

शेवटी राहवेना. गॅस बंद केला आणि रुळांकडे निघाले. नवरा वाकून वॅगनींच्या मध्ये शिरतच होता, किल्ली न घेता. इंजिनात भाऊ ताठ बसलेला. मी पायरीवर चढले आणि हात पुढे केला.

"किल्ली दे."

"ताई, तुझा विश्वास नाही माझ्यावर?"

"नाही."

त्याने लगेच इंजिन बंद करून किल्ली काढली.

"माझाही नाही गं," तो म्हणाला. "सकाळी स्वतःहून द्यायला गेलो होतो. भावजी म्हणाले, ठेव तुझ्याकडेच, मला लाजवू नकोस."

दोघांच्याही कानाखाली वाजवावी असं वाटलं. किल्ली नवऱ्याकडे नेली असती तर त्याने ती परत भावाकडेच पाठवली असती. म्हणून मी ती मुठीत धरून रुळाशेजारी उभी राहिले. थोड्या वेळाने वॅगनींच्या आतूनच नवऱ्याची हाक आली, "झालं रे, घे पुढे."

भावाने माझ्याकडे पाहिलं. नवरा बाहेर येऊन माझ्यासमोर उभा राहीपर्यंत मी मूठ उघडली नाही.