कात्रीवाल्या बाईंचा प्रश्न

कात्रीवाल्या बाईंचं पत्र आलं तेव्हा पंडितांना आधी आनंदच झाला. पुढे त्यांना जी लाज वाटत राहिली, तिच्यात या आनंदाची लाज सगळ्यात मोठी होती. पत्र चिनी भाषेत होतं, अक्षर मोकळं आणि स्वच्छ होतं, आणि शब्दकोशाला हात न लावता त्यांना ते पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचता आलं. एकेक अक्षर ओळखीचं निघत गेलं तसे ते खुर्चीत ताठ होत गेले. सगळं वाचून झाल्यावर मग मजकूर डोक्यात उतरला. त्यांनी पत्राची घडी घातली, ती शब्दकोशात सरकवली, आणि आज लिहू, उद्या लिहू करता करता उत्तर राहून गेलं ते गेलंच.

पंडित हे काही त्यांचं नाव नव्हे. वाचनालयातल्या लोकांनी अर्धं कौतुकानं आणि अर्धं गमतीनं त्यांना ते चिकटवलं होतं. आयुष्यभर ते एका छापखान्यात मुद्रितं तपासत आले. छापखान्यात एकदा चिनी शिकवणारं एक पुस्तक छपाईला आलं, ते तपासायचं काम यांच्याकडे आलं, आणि काम संपलं तरी भाषेनं काही त्यांना सोडलं नाही. ते शिकले ते सगळं कागदावरून. चिनी माणसाशी दोन वाक्यं बोलायचा प्रसंग कधी आला नाही, आणि आला असता तर ते रस्ता ओलांडून पलीकडे गेले असते.

वाचनालयाच्या माडीवर चीन परिचय मंडळाची व्याख्यानं होत. कधी चिनी मातीच्या भांड्यांवर, कधी तिथल्या खेड्यांतल्या बदललेल्या लग्नांवर, कधी रंगभूमीवरच्या मुखवट्यांवर, तर कधी तिथल्या कारखानदारांशी धंदा कसा करावा यावर. शेवटच्या प्रकाराला गर्दी जास्त. पंडित स्वतः कधी बोलत नसत. चित्रं निवडायची, टिपणं काढून द्यायची आणि मागच्या दाराजवळच्या खुर्चीत बसायचं, एवढंच त्यांचं काम. मंडळाचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते. कुणी अवघड प्रश्न विचारला की ते मागे बघून म्हणत, ‘‘पंडित, सांगा बघू,’’ आणि पंडित जागेवरूनच खाली मान घालून उत्तर देत. उत्तर बरोबर असे.

मग कात्रीवाल्या बाई आल्या. हे नाव पंडितांच्या बायकोनं ठेवलेलं. लाल कागद कात्रीनं कापून त्यातून मासे, फुलं, पाखरं उभी करणाऱ्या त्या बाई. त्यांचा भाचा याच शहरात यंत्रांच्या सुट्या भागांचा व्यापार करायचा, त्याच्याकडे त्या पाहुण्या आल्या होत्या. मंडळाच्या इतिहासात खुद्द तिथलं माणूस पहिल्यांदाच व्याख्यान देणार होतं. भाचा दुभाषा म्हणून येणार होता, पण ऐन दिवशी त्याला कामासाठी बाहेरगावी जावं लागलं.

‘‘त्यात काय एवढं?’’ डॉक्टर म्हणाले. ‘‘आपल्याकडे पंडित आहेत.’’

पंडितांनी नाही म्हणायला तोंड उघडलं, पण सगळे इतक्या विश्वासानं बघत होते, की ते तसंच मिटलं.

बाई बोलायला लागल्या आणि पहिल्याच वाक्याला पंडितांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांना काही म्हणता काही कळेना. बाई आपल्या मुलखाच्या बोलीत, घाईघाईनं, हसत हसत बोलत होत्या, आणि पंडितांना ठाऊक होती ती कागदावर शांत बसलेली भाषा. बाई थांबल्या आणि त्यांच्याकडे बघू लागल्या. सगळी माडी त्यांच्याकडे बघू लागली. तेव्हा पंडितांनी त्यांना येत होतं ते सांगितलं. लाल रंगाचा अर्थ सांगितला, मासा म्हणजे समृद्धी हे सांगितलं, ही कला कुठल्या काळापासून चालत आली ते सांगितलं. सगळं त्यांच्या टिपणांत होतं. बाई पुन्हा बोलल्या, पंडित पुन्हा पुस्तकातलं बोलले. पुढे पुढे त्यांचा आवाजही लागला. शेवटी बाई सावकाश काहीतरी म्हणाल्या आणि दोन्ही हात पुढे करून लोकांकडे बघत उभ्या राहिल्या. पंडित म्हणाले, ‘‘त्या आपल्या सर्वांचे आभार मानताहेत.’’

टाळ्यांचा कडकडाट झाला. बाईंनी हात मागे घेतले, थोडं थांबल्या, आणि मान लववून खाली बसल्या.

मंडळाच्या वार्तापत्रात त्या व्याख्यानाचा वृत्तांत छापून आला. तो पंडितांनीच लिहिला होता. भाच्यानं तो कुणाकडून तरी वाचून घेतला आणि मायदेशी परतलेल्या मावशीला फोनवर सांगितला. त्यावर बाईंचं ते पत्र.

पत्रात राग नव्हता. राग असता तर पंडितांना सोसला असता. बाईंनी लिहिलं होतं, की वृत्तांत फार विद्वत्तेचा आहे, आपल्याला त्यातून पुष्कळ नवं कळलं. पण मी तिथे हे बोलले नव्हते. मी म्हणाले होते, की मासा मी कापते कारण तो कापायला सोपा आणि विकलाही जातो. आमच्या कारखान्यात आता यंत्रं कागद कापतात आणि मी हिशेब बघते. माझी आई कापायची त्या आकारांचे अर्थ मी तिला कधी विचारले नाहीत. ती कापून खिडकीला चिकटवायची, वर्ष सरलं की आम्ही ते खरवडून टाकायचो. आता दुकानाशेजारी मी एक खोली राखली आहे, कुणाकुणाच्या आयांनी हातानं केलेल्या वस्तूंची. म्हणून मी शेवटी विचारलं होतं, तुमच्या घरातल्या बायका काय करायच्या, आणि तुमच्यापैकी कुणी ते जपून ठेवलंय का? त्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला तेव्हा समजलं नाही की याचा अर्थ काय. आता समजलं, की माझा प्रश्न पोचलाच नाही. तो तुम्ही माझ्या वतीनं विचाराल का?

एवढंच. तो प्रश्न विचारायचा म्हणजे टाळ्या कशाला वाजल्या होत्या तेही सांगणं आलं. पंडितांच्या छातीत ते पत्र बोरीच्या काट्यासारखं रुतून बसलं. शब्दकोश उघडायचा झाला की पत्र असलेली पानं ओलांडून ते पुढे जात.

ते तसेच जात राहिलेही असते. पण मंडळानं स्मरणिका काढायचं ठरवलं, आणि डॉक्टरांनी छापून आलेली मुद्रितं त्यांच्यापुढे टाकली.

‘‘पहिलंच व्याख्यान कात्रीवाल्या बाईंचं घेतलंय. त्यांच्या फोटोसकट. इतकं गाजलेलं दुसरं आहे कुठलं? एकदा नजर घाला, म्हणजे झालं.’’

पंडितांनी नजर घातली. व्याख्यानात एकही चूक नव्हती. वर बाईंचं नाव होतं आणि खाली बाईंचा एक शब्द नव्हता. दुसऱ्या दिवशी ते डॉक्टरांच्या दवाखान्यात गेले आणि रोग्यांच्या बाकावर बसून राहिले. डॉक्टरांनी आत बोलावलं तेव्हा चुकून त्या मोठ्या खुर्चीतच बसले.

‘‘काय दुखतंय?’’

‘‘डॉक्टर, ते व्याख्यान छापू नका. ते त्यांचं नाही. माझं आहे.’’

त्यांनी सगळं सांगितलं. डॉक्टरांनी ऐकता ऐकता हातमोजे काढले.

‘‘आणखी कुणाला माहीत आहे?’’

‘‘त्यांना आहे.’’

‘‘त्या तिकडे आहेत. इथे कुणाला?’’

‘‘इथे मला.’’

‘‘मग झालं तर. पंडित, तुम्ही सांगितलंत त्यात खोटं काही होतं का?’’

‘‘नाही.’’

‘‘लोकांना आवडलं?’’

‘‘आवडलं ना. तेच तर.’’

‘‘अहो, मी दात काढतो. कधीकाळी शेजारचा निघाला, तर मी रोग्याला हातात आरसा देऊन दाखवत बसत नाही.’’

पंडितांनी खुर्चीच्या हाताला धरलं. ‘‘पण दुखणारा तसाच राहतो ना, डॉक्टर,’’ ते अगदी हळू म्हणाले. ‘‘त्यांनी एक प्रश्न विचारला होता. तो तसाच राहिलाय. पुढच्या कार्यक्रमात मला थोडा वेळ द्या, एवढंच मागायला आलो होतो.’’

‘‘मंडळाची शोभा होईल.’’

‘‘माझी होईल.’’

‘‘तुमची म्हणजे मंडळाचीच,’’ डॉक्टर म्हणाले. पण हे बोलताना ते पंडितांकडे बघत नव्हते, आणि नाही असंही म्हणाले नाहीत.

पुढचा कार्यक्रम चहाच्या व्यापाऱ्याचा होता. चिनी चहाचे मळे, पानांचे प्रकार, भाव कसे ठरतात वगैरे. तो संपल्यावर लोक उठायला लागले तेवढ्यात डॉक्टर नाइलाजानं म्हणाले, ‘‘पंडितांना काही सांगायचंय,’’ आणि लोक पुन्हा बसले. बायको मागच्या रांगेत बसली होती. ती कधी येत नसे. ‘‘आज येते,’’ एवढंच म्हणाली होती आणि कारण सांगितलं नव्हतं.

पंडितांनी सांगितलं. कागद हातात होता, पण बघून वाचलं नाही. आधी लोक हसले; त्यांना वाटलं हा विनय आहे. मग हसायचे थांबले.

पुढच्या रांगेतून शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका म्हणाल्या, ‘‘थांबा थांबा. मासा म्हणजे समृद्धी, हे त्यांनी सांगितलं नाही?’’

‘‘नाही. ते माझ्या पुस्तकातलं.’’

‘‘मी त्यांच्याकडून विकत घेतलेला मासा दारावर लावलाय. येणाऱ्याजाणाऱ्याला अर्थ सांगते.’’

‘‘अर्थ बरोबर आहे, बाई. पण त्या म्हणाल्या होत्या की मासा कापायला सोपा.’’

कुणीतरी खुसखुसलं. मुख्याध्यापिका खुसखुसल्या नाहीत. ‘‘आम्ही इतकी वर्षं तुम्हाला विचारत आलो,’’ त्या म्हणाल्या.

मग त्यांनी बाईंचा प्रश्न विचारला. जसा पत्रात होता तसा, एक शब्दही न घालता.

चहाचा व्यापारी आपले डबे आवरायचा थांबला. कोपऱ्यातून एक बसचे जुने चालक उठले. ते व्याख्यानांना येत, पण कधी बोलत नसत.

‘‘आमच्या आईनं स्वेटर विणला होता मला. मी वाढलो तसा उसवून धाकट्याला केला. मग पुन्हा उसवून बहिणीला. शेवटी कुणाचाच नाही राहिला.’’ ते बसले आणि लगेच पुन्हा उठले. ‘‘निळा होता,’’ म्हणाले.

‘‘सासूबाईंनी विणलेलं टेबलावरचं आच्छादन आहे माझ्याकडे,’’ एक बाई म्हणाल्या. ‘‘म्हणजे आहे, पण इस्त्रीखाली घालते मी ते.’’

आणखी कुणीकुणी बोललं. कशाचं पायपुसणं झालं होतं, कशाला वाळवी लागली होती, काही घर बदलताना राहिलं होतं. जपून ठेवलंय असं कुणीच म्हणालं नाही. मग मागच्या रांगेतून बायकोचा आवाज आला, ‘‘आईंच्या शालीचं सांगा ना.’’

पंडितांनी तिकडे बघितलं. बायको बसूनच होती, हातातल्या पिशवीचे बंद गुंडाळत.

‘‘माझ्या आईनं एक शाल विणली होती,’’ ते म्हणाले. ‘‘घर बदललं तेव्हा माझी चिनी पुस्तकं खोक्यात घातली. कोपरे दुमडू नयेत म्हणून मी ती शाल खोक्याच्या तळाशी कोंबली. पुस्तकं काढून घेतली आणि खोका टाकून दिला. पुस्तकं शाबूत आहेत.’’

लोक उठून खुर्च्या ओढू लागले. जिन्यावर डॉक्टर भेटले आणि म्हणाले, की स्मरणिकेतून ते व्याख्यान काढतो, आणि यापुढे दुभाष्याची सोय भाच्याकडूनच करू. पंडितांनी मान हलवली. खाली दोघे तरुण बोलत उभे होते, त्यांच्यातला एक म्हणाला, ‘‘निघाले बघ पंडित,’’ आणि तेच नाव पंडितांना आता दुसऱ्याच कुणाचं वाटलं.

घरी आल्यावर त्यांनी शब्दकोश उघडला, तो यावेळी नेमका त्या पानांवर. बाईंना उत्तर लिहायला घेतलं. चालकांचा निळा स्वेटर लिहिला, इस्त्रीखालचं आच्छादन लिहिलं, पायपुसणं, वाळवी सगळं लिहिलं. शालीपाशी येऊन पेन अडलं.

‘‘अगं,’’ त्यांनी हाक मारली, ‘‘ती शाल कशी होती? मला फक्त रंग आठवतो.’’

‘‘कुठला?’’

‘‘तपकिरी.’’

‘‘राखाडी होती ती,’’ बायको म्हणाली. ती येऊन समोर बसली. ‘‘पानांची नक्षी होती. एक पान उजवीकडे झुकलेलं, त्याच्या वरचं डावीकडे. आईंनीच शिकवली मला.’’

‘‘तुला येते?’’

‘‘मग काय. तुमचा मफलर कसला आहे?’’

पंडितांनी खुंटीकडे बघितलं. तो मफलर ते कित्येक हिवाळे गळ्यात घालत होते. उठून त्यांनी तो दिव्याखाली आणला. एक पान उजवीकडे, त्याच्या वरचं डावीकडे.

‘‘कधी सांगितलं नाहीस.’’

‘‘कधी विचारलंत?’’ बायको म्हणाली. चिडून नव्हे, भाजी काय आणू विचारावं तशी. मग तिनं चौकटींचा कागद मागितला. ‘‘लिहून घ्या. एका चौकटीत एक टाका. तीन सुलट. आता एक टाका सोडायचा. सोडायचा म्हणजे टाकून द्यायचा नाही, न विणता नुसता दुसऱ्या सुईवर घ्यायचा. खोडा, चुकलं ते. उलट लिहिलंत तुम्ही.’’

ती सांगत गेली, हवेत बोटं हलवत, आणि पंडित एकेक चौकट काळी करत गेले. कितीदा चुकले, कितीदा खोडलं. ती दरवेळी म्हणे, ‘‘परत.’’ अखेर कागदावर पान उमटलं, जरा वाकडं, पण पान. त्याखाली त्यांनी बाईंच्या भाषेत लिहिलं: ही माझ्या आईची नक्षी. माझ्या बायकोनं ती जपली आहे, मी नाही. तुमचं बोलणं मला त्या दिवशी एक अक्षरही कळलं नव्हतं. ते मी तेव्हाच सांगायला हवं होतं. मला क्षमा करा, असं त्यांनी लिहिलं, मग ते कमी वाटलं, पण त्याहून मोठा शब्द शब्दकोशात सापडला नाही. कुणाकडून तपासून घ्यावं असं मनात आलं. तेही त्यांनी केलं नाही.

पोस्टात परदेशी टपालाच्या खिडकीवरच्या मुलीनं पाकीट तराजूवर ठेवलं.

‘‘आत काय आहे?’’

‘‘शालीची नक्षी.’’

‘‘म्हणजे कापड? कापडाला वेगळा फॉर्म लागतो, आजोबा.’’

‘‘कापड नाही. ते हरवलं. नुसता कागद आहे.’’

‘‘मग कागद सांगा की,’’ ती म्हणाली. शिक्का मारला, तिकीट चिकटवलं आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं. पंडित जरा वेळ खिडकीशी तसेच उभे राहिले. मागच्या माणसानं खाकरून आठवण करून दिली तेव्हा ते बाजूला झाले, आणि मफलर गळ्याभोवती नीट घेऊन बाहेर पडले.